जो टाय टिकला, तो फारसा वापरलाच गेला नव्हता
#इतिहास #धागा

१९४० च्या दशकातील पुरुष कसे दिसत असत, असे जुने टाय जमवणाऱ्या एखाद्या हौशी संग्राहकाला विचारले, तर तो बहुधा एक ठरावीक चित्र उभे करील. चार-साडेचार इंच रुंदीचा, हाताने रंगवलेला अमेरिकन टाय. त्यावर ताडाची झाडे, उधळलेले घोडे, नाहीतर गळाला लागलेला मासा. असे टाय होते, यात शंका नाही. परंतु त्या काळातील सामान्य पुरुष रोज असाच दिसत असे, हा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. हा धागा त्या चुकीविषयी आहे.

टायचा विषय निघाला की क्रोएशियन सैनिक आणि फ्रेंच दरबार यांची कथा हटकून सांगितली जाते. ती येथे बाजूला ठेवलेली बरी. आज ज्याला टाय म्हणतात त्याची घडण पुष्कळ अलीकडची आहे. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमधील जेसी लँग्सडॉर्फ या टाय बनवणाऱ्याने कापड सरळ न कापता ४५ अंशांत, म्हणजे आपले शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसे कापून, तीन तुकडे जोडण्याची पद्धत आणली. उरेब कापड ताण सोसते आणि गाठ सोडल्यावर पुन्हा मूळ आकारात येते. मागच्या शिवणीत मुद्दाम सैल ठेवलेला एक धागा असतो. टाय ओढला गेला की तो सरकतो आणि शिवण उसवत नाही. हे वस्त्र रोज बांधण्यासाठी, रोज सोडण्यासाठी आणि वर्षानुवर्षे ओढाताण सोसण्यासाठीच घडवलेले होते.

मग ते संग्रहात येते तेव्हा इतके कोरे कसे असते?

महायुद्धाच्या काळाकडे पाहिले तर उत्तर मिळते. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १५ मार्च १९४९ पर्यंत चालले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळत. कोट, वेस्टकोट आणि पॅन्ट असा लोकरी सूट घ्यायचा तर त्यांतली २६ संपत. टायला मात्र एकच कूपन लागे. सूट तोच, सदरेही तेच, अशा परिस्थितीत गळ्यातील पट्टी बदलणे हा नवे दिसण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होता. ज्याच्याकडे दोन-तीन टाय होते, त्याने ते आलटून पालटून झिजेपर्यंत बांधले. तिकडे अमेरिकेत १९४१ नंतर जपानी रेशमाची आवक थांबली, उरलेले रेशीम लष्कराकडे वळले आणि टाय रेयॉनचे वा लोकरीचे होऊ लागले. (म्हणूनच ‘१९४३ चा अमेरिकन, शुद्ध रेशमी’ अशी जाहिरात दिसली, तर खरेदीपूर्वी दोनदा विचार करावा.)

हे झिजलेले टाय आज फारसे कोठे दिसत नाहीत. गाठीच्या जागी कापड विरले की त्यांची चिंधी झाली, किंवा ते अमेरिकेतील एखाद्या घरी पांघरुणाच्या ठिगळांत गेले. युद्ध संपल्यावर रंगांचा जो उत्सव सुरू झाला, ज्यात साल्वादोर दालीसारख्या चित्रकारानेही टायवर हात चालवला, त्यातील पुष्कळ नमुने मात्र सुस्थितीत आहेत. नाताळात भेट मिळालेला भडक टाय हा अमेरिकेत विनोदाचा जुना विषय आहे. भेट स्वीकारायची, आभार मानायचे आणि ती खणात तळाशी ठेवून द्यायची! अशा खणांतूनच आजचे ‘उत्कृष्ट अवस्थेतील’ टाय बाहेर पडतात, आणि संग्राहक त्यांनाच त्या काळाचा चेहरा समजतात.

मराठी घरांना हा न्याय अनोळखी नाही. रोजचे लुगडे विटले की त्याची गोधडी होई. पैठणी मात्र पेटीत राही. उद्या केवळ पेटीतील वस्त्रांवरून कोणी लिहू लागले, तर महाराष्ट्रातील बायका बारा महिने पैठणी नेसून शेतावर जात होत्या असे त्याला लिहावे लागेल.

वस्त्रे झीज सोडून इतर कारणांनीही नाहीशी होतात. जून १९४३ मध्ये लॉस एंजेलिसच्या दंगलीत खलाशांनी मेक्सिकन-अमेरिकन तरुणांच्या अंगावरील झूट सूट ओरबाडून फाडले. त्याआधी ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विदेशी कपड्यांची प्रचंड होळी झाली होती. कोठे द्वेषाने, कोठे ध्येयाने, पण पुरावा दोन्हीकडे नष्ट झाला.

या पार्श्वभूमीवर आजच्या संग्रहबाजाराची रीत खटकते. दुकानाची चिठ्ठी तशीच असलेला, कधीही न बांधलेला टाय सर्वांत महाग. वापरलेला टाय कवडीमोल, नाहीतर कापून हस्तकलेला. इतिहासाच्या दृष्टीने हा क्रम नेमका उलटा असायला हवा. वापरलेल्या टायवर गाठीच्या घड्या असतात, दाढीच्या खुंटांनी घासलेला काठ असतो, उन्हाने विटलेले पुढचे टोक आणि त्यामागे झाकून राहिल्याने मूळ रंगाचे शेपूट असते. कोणी, किती वेळा, कशी गाठ मारली हे त्यावरून वाचता येते. केवळ रुंदीवरून दशक ठरवण्यापेक्षा हे वाचन कितीतरी भरवशाचे आहे. अरुंद टाय १९६० च्या सुमारास होते, तसेच १९८० च्या सुमारासही पुन्हा आले होते.

जुना टाय बांधूच नये, असे मात्र नाही. मजबूत असेल तर जरूर बांधावा. १९४० च्या दशकातील टाय आज बांधला की तो पट्ट्याच्या बराच वर संपतो. टाय आखूड, हे खरेच. पण तेव्हाची पॅन्ट बेंबीपर्यंत येत असे, ही गोष्ट छायाचित्र पाहून जितकी कळत नाही तितकी आरशात पाहून कळते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथे कोणी काय ल्यावे, हे जात ठरवत आली. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे कसे नेसावे हे मुद्दाम सांगितले, ते त्यामुळेच. त्यांच्या स्वतःच्या कोट-टायचा अर्थही त्याच संदर्भात लागतो. नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात त्यांचे कपडे आणि नित्य वापरातील वस्तू जतन केल्या आहेत. त्या कोऱ्या नाहीत. वापरलेल्या आहेत म्हणूनच लोक त्या पाहायला जातात. त्या टिकल्या, कारण त्या टिकवायच्या असे माणसांनी ठरवले.

बाबासाहेबांना पाहून ज्यांनी आयुष्यात प्रथम टाय बांधला, त्या शिक्षकांचे, कारकुनांचे, विद्यार्थ्यांचे टाय मात्र कोणत्याही विक्रेत्याच्या यादीत सापडणार नाहीत. पुष्कळांच्या मालकीचा टाय नव्हताच. फोटो स्टुडिओत खुंटीवर एक कोट आणि एक टाय टांगलेला असे, बऱ्याचदा गाठ आधीच मारून मागे इलॅस्टिक लावलेला. गावातील निम्मे तरुण नोकरीच्या अर्जावर तोच टाय घालून दिसत. एका टायने शेकडो गळे पाहिले, आणि संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत शून्य!

असे स्टुडिओ आता झपाट्याने बंद होत आहेत. एखाद्याच्या खणात तो टाय अजून असेल तर तो धुऊ नये, इस्त्री करू नये, गाठ सोडू नये. कागदाच्या चिठ्ठीवर स्टुडिओचे नाव, गाव आणि अंदाजे वर्षे लिहून ती सोबत ठेवावी, आणि त्या टायमधले जितके फोटो मिळतील तितके एकत्र करावेत.