वर्गातील निवाडा कोणाचा?

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा सौंसर आणि पांढुर्णा हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, त्याचे सरकारी दप्तर हिंदीत गेले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यापासून वेगळा होऊन त्याचा स्वतंत्र जिल्हाही झाला. तथापि घरातील मराठी, पोळ्याचा सण, संत्र्यांच्या बागा आणि जामसांवलीच्या पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंतावरील श्रद्धा यांत या स्थित्यंतरांनी काही अंतर पडू दिले नाही. या मुलखातील शेतकऱ्याचा मुलगा वा मुलगी अकरावीत विज्ञान शाखेला नाव घालते, तेव्हा भौतिकशास्त्र या विषयाशी तिचा जो संबंध जडतो, तो पुष्कळदा भीतीचा असतो, क्वचित आदराचा असतो, आणि प्रेमाचा तर फारच विरळा. हे प्रेम उत्पन्न करणारा व्याख्याता कोणत्या गुणाने ते उत्पन्न करतो, याचा विचार विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि संस्थाचालकांनी गंभीरपणे करावा, असे मला वाटते.

प्रचलित समजूत अशी की, तो गुण म्हणजे वक्तृत्व. ‘सर फार छान शिकवतात’ या प्रशस्तिपत्राचा अर्थ बहुधा ‘सर फार छान बोलतात’ एवढाच असतो, आणि नागपूरच्या शिकवणी-वर्गांच्या जाहिरातींतही याच गुणाची थोरवी गायिलेली आढळते. वक्तृत्वाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राचा सर्वांत विख्यात व्याख्याता जो रिचर्ड फाइनमन, त्याने १९६१ ते १९६३ या काळात कॅलिफोर्नियातील ‘कॅलटेक’ संस्थेत दिलेली व्याख्याने पुढे जगभर अभ्यासिली गेली, तरी त्यांच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना स्वतः फाइनमनने, विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आपले कार्य फारसे साधले असे आपल्याला वाटत नाही, असा कबुलीजबाब दिला, आणि विद्यार्थी व चांगला शिक्षक यांनी समोरासमोर बसून विचारांची देवघेव करावी यापरते उत्तम शिक्षण नाही, असा अभिप्राय नोंदविला. ज्याच्या वाणीने जग मोहून गेले, त्याचीच ही साक्ष आहे.

मग तो गुण कोणता? माझे उत्तर असे की, जो व्याख्याता वर्गातील अंतिम निवाड्याचा अधिकार स्वतःकडे न ठेवता निसर्गाच्या स्वाधीन करतो, आणि तो निवाडा होण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याला आपले मत ठामपणे मांडावयास लावतो, तोच भौतिकशास्त्राची गोडी लावू शकतो.

याचा दाखला या मुलखातल्या मुलखातच आहे. व्याख्यात्याने एक बादली पाण्याने भरून टेबलावर ठेवावी आणि तीत सालीसकट एक संत्रे सोडावे, ते तरंगते. साल काढून तेच संत्रे पुन्हा पाण्यात सोडले तर काय होईल, असे आता विचारावे. हात वर करावयास सांगावे, आणि मतांची नोंद फळ्यावर करावी. साल गेल्याने वजन घटले, सबब फळ अधिकच वर येईल, असे बहुतेक विद्यार्थी सांगतील. हातात तोलूनच फळ रसदार की पोचट हे ओळखणाऱ्या घरांतील एखादी मुलगी मात्र कदाचित गप्प राहून विचार करील. मग सर्वांच्या देखत साल सोलावी आणि संत्रे पाण्यात सोडावे. ते सामान्यतः तळाशी जाते. क्षणभर वर्ग स्तब्ध होतो, आणि नंतर ‘असे का?’ हा प्रश्न व्याख्यात्याने न विचारताच चहूकडून उठतो. सालीच्या आतील पांढऱ्या, मऊ अस्तरात आणि साल व फोडी यांमधील पोकळीत हवा असते. साल गेल्याने वजन थोडे घटले, परंतु त्या मानाने आकारमान पुष्कळच घटले, आणि उरलेल्या फळाची घनता पाण्याहून अधिक झाली, हे स्पष्टीकरण आता ऐकणाऱ्याच्या मनात खोल रुजते, कारण ते ऐकण्याची तहान आधी लागलेली असते. आणि एखादे सोललेले संत्रे हट्टाने तरंगतच राहिले, तर खरा व्याख्याता खजील होत नाही. तो ते फोडून फोडींच्या मधोमध असलेली पोकळी दाखवितो आणि तिच्यातील हवेचा हिशेब विद्यार्थ्यांकडेच मागतो.

प्रयोग दाखविला एवढ्याने हे साधत नाही, ही गोष्ट परीक्षून पाहिलेली आहे. हार्वर्ड विद्यापीठातील एरिक मझूर आणि त्यांचे सहकारी यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, नुसता प्रयोग पाहिलेल्या विद्यार्थ्यांची समज, तो मुळीच न पाहिलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा फारशी सरस नव्हती. मात्र ज्यांनी प्रयोगापूर्वी आपले भाकीत नोंदविले होते, त्यांची समज स्पष्टपणे अधिक होती. आपले मत पणाला लावल्यावाचून चुकलेल्या मताचा धक्का बसत नाही, आणि तो बसल्यावाचून जुनी समजूत हलत नाही.

यासाठी परदेशाकडेच पाहावे असेही नाही. आपल्याच राज्यात, त्या वेळच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ उच्च प्राथमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा जो उपक्रम आरंभिला, त्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकांनी खेड्यांतील गुरुजींच्या बरोबरीने बसून काम केले. ‘बाल वैज्ञानिक’ या त्या उपक्रमाच्या पुस्तकांत तयार उत्तरांऐवजी प्रयोग आणि प्रश्न होते; परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा होती; आणि ‘हे मला ठाऊक नाही, आपण करून पाहू’ असे गुरुजींनी म्हणण्यात कमीपणा मानला जात नव्हता. १९७८ साली हा उपक्रम सबंध जिल्ह्यात लागू झाला, १९८२ मध्ये त्याच्या सांभाळासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली, आणि तीस वर्षांनंतर, २००२ साली, सरकारी हुकुमाने तो बंद करण्यात आला. हुकुमाने शाळांतील उपक्रम बंद झाला, तरी त्यातून सिद्ध झालेले तत्त्व खोटे ठरले नाही.

त्या उपक्रमात ‘सवालीराम’ नावाचे एक कल्पित पात्र होते. मुलांनी त्याला पत्राने प्रश्न विचारावेत आणि त्याने उत्तरे धाडावीत, असा शिरस्ता होता. जयंत नारळीकरांचा परिपाठ याच जातीचा होता. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलाला ते सांगत की, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले, विश्वरचनाशास्त्रात ज्यांचे नाव जगभर झाले, आणि पुण्याची ‘आयुका’ ज्यांनी उभी केली, त्यांना स्वाक्षरीपेक्षा मुलाच्या मनातील प्रश्न अधिक मोलाचा वाटला. प्रश्नाचा असा सन्मान झालेला विद्यार्थी तो क्षण जन्मभर विसरत नाही.

यावर आक्षेप येईल की, अभ्यासक्रम मोठा, तासिका मोजक्या, प्रवेशपरीक्षांचा धाक मोठा. संत्री सोलण्यास वेळ कोठून आणावा? आक्षेप प्रामाणिक आहे. परंतु न समजलेले सूत्र वर्षभर पुनःपुन्हा घोकून घेण्यात जो काळ जातो, त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. विहिरीवरील पंप पाण्यापासून फार उंच ठेवला तर पाणी ओढत नाही, म्हणून तो विहिरीत खाली उतरवून बसवावा लागतो, हे इथल्या मुलाला लहानपणापासून ठाऊक असते. वातावरणाचा दाब पाण्याला सुमारे १० मीटरपेक्षा वर ढकलू शकत नाही, आणि याच कोड्याचा उलगडा इटलीत १६४३ च्या सुमारास टॉरिचेल्लीच्या पाऱ्याच्या नळीने झाला, एवढे त्या विहिरीला जोडून सांगितले की, दाबाचे प्रकरण घोकावे लागत नाही. असा एक पाव तास पुढील अनेक तासिका वाचवितो.

म्हणून नव्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, भौतिकशास्त्राच्या व्याख्यात्याची नेमणूक करताना त्याची पदवी आणि वाणी यांबरोबरच, एका साध्या प्रयोगाभोवती तो वर्गाला विचार कसा करावयास लावतो, हेही प्रत्यक्ष पाहावे; प्रयोगशाळेच्या किरकोळ खर्चाची मंजुरी महिनोन्‌महिने अडकू देऊ नये; आणि आठवड्यातील एक तासिका विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवण्याची तजवीज करावी. पालकांनीही मुलाला ‘आज किती धडे झाले?’ असे विचारण्यापेक्षा ‘आज तुझे कोणते मत चुकीचे ठरले?’ असे विचारावे. ज्या वर्गात या प्रश्नाला रोज काही उत्तर मिळते, त्या वर्गाचा व्याख्याता उत्तम आहे, असे खुशाल समजावे.