शेतकऱ्यांचा कैवारी, पण कोणत्या शेतकऱ्यांचा?

निवडणूक तोंडावर आली म्हणजे चावडीवर, लोहाराच्या भात्यापाशीं आणि बाजाराच्या वाटेवर उमेदवारांची तुलना सुरू होते. अमका बोलण्यांत पटाईत, तमका शांत डोक्याचा. अमका आपला, तमका पैसेवाल्यांचा. ही तुलना करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती करतांना काय विचारावें, हें पाहावयाचें असेल तर अमेरिकेंत १८९६ सालीं झालेली अध्यक्षाची निवडणूक आमच्या वाचकांनीं अवश्य समजून घ्यावी. तींतला झगडा शेतकऱ्याच्या कर्जाचा होता.

रिपब्लिकन पक्षाचे विल्यम मॅकिन्ले हे ओहायोचे माजी गव्हर्नर, वय ५३. डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम जेनिंग्ज ब्रायन हे नेब्रास्काचे वकील, वय अवघें ३६. मॅकिन्ले कॅन्टन गांवीं आपल्या घराच्या ओसरीवरून बोलत आणि आगगाड्या भरभरून माणसें त्यांच्या दारीं येत. ब्रायन स्वतः आगगाडीनें सुमारें १८ हजार मैल हिंडले.

आतां कर्जाचें पाहा. १८७३ च्या कायद्यानें अमेरिकेच्या टांकसाळींत रुप्याचें नाणें हवें तितकें पाडून घेण्याची वाट बंद झाली. पुढें सारा व्यवहार सोन्यावर येऊन बसला. पैसा आंखडला, तसे मालाचे भाव उतरले. १८७० नंतर एका मापास जवळजवळ डॉलरभर भाव असलेला गहूं १८९४ सालीं निम्म्या डॉलरावर आला. ज्यानें चांगल्या भावांत हजार डॉलर कर्ज काढलें, त्याला तें हजार मापांत फिटलें असतें. भाव निम्मा होतांच दोन हजार मापें घालावीं लागलीं. वहींतला एक आंकडाही न बदलतां सावकाराचें येणें दुप्पट झालें! ब्रायनचें म्हणणें एवढेंच, कीं सोळा भार रुपें एका भार सोन्याच्या बरोबर धरून रुप्याचें नाणें पुन्हां मोकळें करा.

ह्या रुप्याची झळ आपल्याकडेही लागली होती. जून १८९३ मध्यें हिंदुस्थानच्या टांकसाळी रुप्याला बंद झाल्या. तोंवर चांदी देऊन रुपये पाडून घेतां येत; नंतर चांदी वेगळी आणि रुपया वेगळा झाला. कुणब्याची सारी पुंजी बायकोच्या गोठ-तोड्यांत! १८९६-९७ च्या दुष्काळांत ते विकावयास निघालेल्याला रुपयाच्या हिशेबानें चांदी उतरलेली आढळली.

मॅकिन्लेच्या बाजूस कांहींच नव्हतें असें मात्र नाहीं. गिरणींतला मजूर व शहरांतला कारागीर रोजमुऱ्यावर जगतो. नाणें स्वस्त झालें म्हणजे भाकरी महागणार, मजुरी मात्र लगेच वाढणार नाहीं, ही त्याची भीति खरी होती. परदेशी मालावर जकात बसली तर आपलें काम टिकेल, हेंही त्याला पटत होतें. त्यांत मार्क हॅना ह्या धनाढ्यानें सुमारें ३५ लक्ष डॉलर उभे केले. ब्रायन निवडून आले तर कामावर येऊं नका, अशा धमक्या कित्येक मालकांनीं दिल्याची तक्रार झाली. शेतकरी व कारागीर असे दोन वाटांनीं फुटले आणि हॅनासाहेबांचें काम झालें.

आम्ही त्या वेळीं तेथें असतों तर कर्जाच्या प्रश्नापुरते ब्रायनच्या बाजूस उभे राहिलों असतों. पण त्यांच्या गाडीच्या दाराशीं जाऊन एक गोष्ट आधीं विचारली असती: शेतकरी म्हणतां, त्यांत दक्षिणेंतला काळा शेतकरी धरतां कीं नाहीं? कारण जोतीरावांनीं १८७३ त आपली 'गुलामगिरी' ज्या अमेरिकन लोकांस गुलामांच्या मुक्ततेबद्दल अर्पण केली, त्याच देशांत मिसिसिपीनें १८९० सालीं व दक्षिण कॅरोलायनानें १८९५ सालीं काळ्यांचा मताधिकार युक्तीनें काढून घेतला होता. आणि हें करणारा पक्ष ब्रायनचाच. दुसऱ्याच्या कुळवाड्यावर काबाडकष्ट करून कर्जांत रुतलेला हा मनुष्य ब्रायनच्या हिशेबांत नव्हता. जॉर्जियाचे टॉम वॉटसन, ज्यांना पॉप्युलिस्ट पक्षानें उपाध्यक्षपदासाठीं उभें केलें, त्यांनीं पूर्वीं काळ्या-गोऱ्या शेतकऱ्यांनीं एक व्हावें असा उपदेश केला होता. पुढें तेच काळ्यांचे कट्टर द्वेष्टे झाले.

मग मॅकिन्ले? तरुणपणीं ते गुलामगिरी राखणाऱ्यांविरुद्ध लढलेले शिपाई. पण १८९८ त विल्मिंग्टन गांवीं काळ्यांची कत्तल करून लोकांनीं निवडलेला कारभार उलथविण्यांत आला, तेव्हां अध्यक्ष मॅकिन्ले यांनीं बोटही हलविलें नाहीं.

ता. ३ नोव्हेंबर १८९६ रोजीं मॅकिन्लेंना सुमारें ७१ लक्ष व ब्रायनना ६५ लक्ष मतें पडलीं. पुढें दक्षिण आफ्रिका व क्लोन्डाइक येथून सोनें आलें, पैसा वाढला आणि भाव चढले. पैशाच्या टंचाईचें ब्रायननीं केलेलें निदान बरोबर ठरलें. श्रेय मात्र मॅकिन्लेंना मिळालें. ब्रायन १९०६ सालीं हिंदुस्थानांत येऊन गेले व येथील इंग्रजी राज्यावर त्यांनीं कडक टीका लिहिली. स्वतःच्या देशांत काळ्यांचें मत हिरावणाऱ्या दक्षिणेंतील कायद्यांचें मात्र ते समर्थन करीत राहिले.