न खाल्लेला लसूण

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. परगावी रसायनशास्त्रात संशोधन करणारी आमची पुतणी सुटीसाठी बहादरपुरास आली. ती वाकून आजीच्या पाया पडली मात्र, मातुःश्रींनी पदर नाकाला लावला! आमच्या घरी आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण वर्ज्य. मुलगी कळवळून सांगे, "आजी, मी लसूण चाखलेलासुद्धा नाही." पण श्वासाला दर्प तर लसणाचाच. खोटे बोलल्याचा हा आळ तिच्या मनाला फार लागला.

उलगडा अखेर तिनेच केला. ती टेल्युरियमची कार्बनी संयुगे तयार करीत होती. गंधकाच्या कुळातले हे मूलद्रव्य १७८२ साली सापडले. त्याच्या राखाडी पुडीचे सोडियम बोरोहायड्राइडने क्षपण केले की सोडियम टेल्युराइड मिळते. हवेतील प्राणवायूने ते तत्काळ बिघडते, म्हणून सारी क्रिया नायट्रोजन वायूच्या आवरणात करावी लागते. मग त्यात थेंबाथेंबाने मिथिल आयोडाइड सोडायचे. सोडियम आयोडीनशी संयोग पावतो आणि टेल्युरियमच्या प्रत्येक अणूला दोन मिथिल गट जोडले जातात. यालाच अल्किलीकरण म्हणतात. हाती येते ते डायमिथिल टेल्युराइड. चटकन उडून जाणारे, विषारी आणि लसणाच्या वासाचे.

या कुळातील डायएथिल टेल्युराइड १८४० साली फ्रीड्रिख व्हलर यांनी प्रथम तयार केले. प्रयोगशाळेत युरिया बनविणारे ते हेच. आता अशा संयुगांच्या वाफेपासून, अवरक्त किरण टिपणाऱ्या अर्धवाहकांचे पातळ थर बसवितात. आपल्याकडे पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र येथे या रसायनावर संशोधन झाले आहे.

पुतणीची प्रयोगशाळा निराळी, आणि चूक तिची स्वतःची. वाफा व धूळ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात पूड तोलायची, ती तिने घाईत उघड्यावर तोलली. श्वासावाटे कण आत गेले आणि पुढचे अल्किलीकरण देहानेच केले! अन्नातील मेथिओनिनपासून मिळणारा मिथिल गट जोडून शरीर टेल्युरियमचे तेच संयुग बनविते व उच्छ्वासातून बाहेर टाकते. प्राण्यांच्या देहात असे घडते, हा निष्कर्ष हॉफमाइस्टर यांनी १८९४ सालीच काढला होता. अत्यल्प मात्राही वासाला पुरते, आणि तो कित्येक दिवस जात नाही.

हे ऐकून मातुःश्री क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अगं, पोरीच्या पोटात विष गेलं, आणि मी लसणाचा जाब विचारत बसले!" त्याच दिवशी त्यांनी तिला डॉक्टरांकडे धाडले.

वाचकहो, आपल्याही घरची मुले दूरदूरच्या प्रयोगशाळांतून काम करीत असतील. टेल्युरियम हाताळणाऱ्याच्या श्वासाला असा वास आला, तर तो दात घासून घालविण्याचा विषय नव्हे. ती देहाने दिलेली सूचना आहे. काम थांबवावे, मार्गदर्शकांना सांगावे आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि घरच्यांनी आधी विचारपूस करावी. रागवायचेच असेल तर ते मागाहून.