शूर नदीकाठची वाट

आयर्लंडमधील क्लॉनमेल हे शूर नदीकाठी वसलेले शहर. येथून कॅरिकपर्यंतची सुमारे 21 किलोमीटरची नदीकाठची वाट आज पायी अथवा सायकलने जाणाऱ्यांसाठी खुली आहे. एके काळी याच वाटेवरून घोडे मालाच्या होड्या दोराने प्रवाहाविरुद्ध ओढीत असत. कॅरिकला थॉमस बटलर यांनी सोळाव्या शतकात उभारलेला वाडा अवश्य पाहावा. तेथील गिलाव्यात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या प्रतिमा आहेत. राणी मात्र तेथे कधीच आली नाही.

व्यापारी कुटुंबांस आणखी एक स्मृती जवळची वाटेल. चार्ल्स बियान्कोनी हा इटालियन तरुण चित्रांचे ओझे घेऊन या मुलुखात पायी विक्री करी. सामान्य माणसास परवडेल असे वाहन येथे नाही, हे त्यास चालतानाच उमगले. 1815 मध्ये त्याने क्लॉनमेल ते केअर घोडागाडी सुरू केली. पुढे तो क्लॉनमेलचा महापौर झाला.

लोकांची अडचण त्याने प्रथम स्वतः सोसली, मग तिच्यातून व्यवसाय उभारला. मुलांना तेथे न्याल, तेव्हा त्यांना या वाटेवर थोडे चालू द्यावे. गादीवर बसण्यापूर्वी वाट तुडवावी लागते, हे त्यांना सांगावे लागणार नाही.