माती, कोळसा आणि आपली भाजी

मुलांच्या ताटांत रोज हिरवी भाजी असावी, असें आम्ही वर्गांत नित्य सांगतों. परंतु ती भाजी कोणत्या मातींत वाढली, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आणि घणसोलीकरांनीं तर तो अवश्य विचारावा.

पूर्वीं हें गांव भातशेतीचें, मिठागरांचें व खाडीचें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि पुढें ठाणें-बेलापूर रस्त्यालगत कारखान्यांची रांग उभी राहिली. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली व शेतांच्या जागीं शहर वसलें. येथील प्रत्येक वाफा दूषित आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु जेथें कारखान्यांचें सांडपाणी, रहदारीची धूळ किंवा जुन्या रंगाचे पोपडे मातींत मिसळतात, तेथें शिसें व कॅडमियम ह्या जड धातूंची शंका घेणें रास्त होय. हे धातु कुजत नाहींत व विरत नाहींत. पालक, माठ अशा पालेभाज्यांतून ते पोटांत जातात. शिशानें मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय होतो. जपानांत जिन्झू नदीच्या खोऱ्यांत खाणीचें कॅडमियम भातशेतींत उतरलें आणि लोकांचीं हाडें ठिसूळ झालीं. १९६८ सालीं तेथील सरकारनें हें कारण मान्य केलें.

ह्यावर एक उपाय म्हणजे जैव कोळसा, ज्यास हल्ली बायोचार म्हणतात. भाताच्या रोपांसाठीं राब भाजण्याची रीत आपल्या वडील मंडळींस ठाऊक आहे. राबांत काडीकचरा उघड्यावर जळून त्याची राख होते. तोच काडीकचरा किंवा भाताचें तूस झांकलेल्या भट्टींत, पुरेशी हवा न लागूं देतां भाजलें, तर सच्छिद्र कोळसा तयार होतो. तो बहुधा अल्कधर्मी असल्यामुळें मातीचें आम्लत्व कमी करतो व शिसें आणि कॅडमियम धरून ठेवतो. मग मुळांस ते कमी मिळतात. दर चौरस मीटरास साधारण १ ते २ किलो कोळसा मातींत कालवतात.

परंतु एक गोष्ट विसरतां कामा नये. कोळसा विष बांधतो. तें नाहींसें करीत नाहीं. आर्सेनिकासारखें द्रव्य तर त्यायोगें कधीं कधीं अधिकच मोकळें होतें. म्हणून आधीं माती तपासावी. नेहमींच्या माती-परीक्षणांत शिसें व कॅडमियम मोजीत नाहींत. त्यांची परीक्षा निराळी मागावी लागते. रंगविलेलें लांकूड कोळशासाठीं कधींही घेऊं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, घाण पाणी मातींत येणेंच बंद झालें पाहिजे. ज्यानें विष सोडलें त्याची जबाबदारी शेतकऱ्याच्या वाफ्यांत कोळसा पडल्यानें संपत नाहीं.

पालकांनीं मातीच्या परीक्षेची मागणी एकत्र मिळून करावी, व विद्यार्थ्यांनीं आपल्या परसांतील मातीचा नमुना नीट घेण्यास शिकावें. निकाल येईपर्यंत संशयित जागीं फुलझाडें लावावीं. भाजी स्वच्छ माती भरलेल्या कुंड्यांत पिकवावी. मातीची पारख हा आपल्या पूर्वजांचा गुण होता. तो नव्या ज्ञानाच्या जोडीनें पुन्हां अंगीं बाणवावा, अशी आमची विनंती आहे.