भावना, दगड आणि नाशिकरोड

अभिव्यक्ती स्वातंत्र्य हा विषय निघाला की आपल्याकडे दोनच पार्ट्या. एक म्हणते, शब्दांनी कुणाचं हाड मोडत नाही, बोलू द्या. दुसरी म्हणते, भावना दुखावल्या, टाका आत. मला दोघांचंही मोजमाप चुकीचं वाटतं. आणि ते कळायला फार लांब जायला नको, आपलं नाशिक पुरेसं आहे.

फेब्रुवारी २००८. मुंबईत राज ठाकरे आणि मनसेचं परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं आणि त्याची धग इथे पोचली. कारखान्यांत राबणारे उत्तर भारतीय कामगार बायकापोरांसकट नाशिकरोडला गाड्या पकडायला लोटले. १३ तारखेला राज यांना अटक झाली, त्याच दिवशी जामीनही मिळाला. आणि त्याच सुमारास इथल्या दगडफेकीत एचएएलचा एक कर्मचारी गेला. मराठी माणूस!! (दगड काही मातृभाषा विचारून लागत नाही.)

आता मे २०२२. शरद पवारांवरच्या ट्वीटसाठी नाशिक जिल्ह्यातला फार्मसीचा एक विद्यार्थी आत गेला. ट्वीट घाणेरडं होतं, त्यात नथुरामचं नाव होतं, मी त्याची वकिली करणार नाही. पण त्याच्यामागे ना जमाव, ना संघटना. तरी हायकोर्टाने आदेश देईपर्यंत महिना उलटून गेला.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ सालीच यावर लिहून ठेवलंय. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे खुशाल छापा. तेच व्यापाऱ्याच्या दारात खवळलेल्या जमावासमोर म्हणाल तर शिक्षा. इनपुट तेच, सिस्टिम वेगळी! सुप्रीम कोर्टानेही २०१५ मध्ये आयटी ॲक्टचं कलम ६६ अ रद्द करताना चर्चा आणि चिथावणी यांत फरक केलाच की.

म्हणजे 'स्थानिकांना आधी नोकऱ्या द्या' हे कुठेही बोला, मीपण बोलेन. पण टॅक्स्या फुटत असताना, हातात दगड असलेल्यांसमोर तेच बोललं तर ते नुसतं मत उरत नाही.

'पण ठरवणार कोण?' हा प्रश्न हमखास येतो. रास्तच आहे. पण आजही कुणीतरी ठरवतंच आहे, ज्याची पोलीस स्टेशनात ओळख तो. त्यापेक्षा हे बघा ना, की बोलणाऱ्याच्या शब्दावर किती माणसं रस्त्यावर उतरतात आणि ज्याच्याबद्दल बोललं त्याला उत्तर देता येतं का. पवारांकडे उत्तर द्यायला आख्खा पक्ष होता. नाशिकरोडच्या फलाटावर बोचकं घेऊन बसलेल्या कामगाराकडे काय होतं?