शोपेनहॉवर आणि आमचा दारा

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. दरवर्षी औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, मुलांची सहल खुलताबादला नेतो. झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात औरंगजेबाची कबर दाखवतो. तिच्यावरून २०२५ साली राज्यात केवढे काहूर उठले! पण त्याच्या थोरल्या भावाचे नाव आम्ही कधी काढत नव्हतो.

बी.एड.ला शोपेनहॉवर आम्हाला एका ओळीत शिकवला : जर्मन, निराशावादी. आपले लोक म्हणतात, निराशा म्हणजे कुफ्र, त्याला कशाला वाचायचे? इतर मंडळी अभिमानाने सांगतात, त्याला उपनिषदांनी दिलासा दिला. दोघेही अर्धेच बोलतात.

हा माणूस उपनिषदे संस्कृतातून वाचत नव्हता. १८१४च्या सुमारास त्याच्या हाती पडला तो लॅटिन अनुवाद. फ्रेंच पंडित आंकतील द्युपेराँ याने १८०१-०२ मध्ये तो छापला, तोही फारसीवरून. ती फारसी दारा शुकोहची : 'सिर्र-ए-अकबर', १६५७. काशीचे पंडित सोबत घेऊन दाराने सुमारे पन्नास उपनिषदे फारसीत आणली. कुराणात उल्लेखलेला गुप्त ग्रंथ तो हाच, असे प्रस्तावनेत लिहिले. १६५९ मध्ये त्याला ठार करण्यात आले, हुकूम धाकट्या भावाचा. शोपेनहॉवर कुराणाविषयी वाईटच बोलला, पण दाराचे नाव घेऊन त्याच्या विद्वत्तेची ग्वाही त्याने दिली. ते नाव गाळले आपण सर्वांनी.

आणि निराशा म्हणाल तर, तो सांगतो काय? जग आंधळ्या इच्छेवर चालते. हवे ते मिळेपर्यंत दुःख, मिळाले की कंटाळा. सुटका थोडी कलेत, अधिक करुणेत, पुरती इच्छा विझवण्यात. नफ्सला आवरा, हे खुलताबादचे सूफी त्याच्या कितीतरी आधी सांगत होते. फरक आहे, आणि तो आम्ही लपवणार नाही : सूफीला शेवटी खुदा भेटतो, शोपेनहॉवरला फक्त शून्य. इथे आमचे त्याच्याशी पटत नाही. पण न वाचताच भांडायचे कसे? (१८२० मध्ये बर्लिनला त्याने हट्टाने हेगेलच्याच वेळेला आपला तास लावला आणि वर्ग ओस पडला. शिक्षकांना तरी त्याची कणव यावी.)

आमच्या शाळेच्या कपाटात दाराचे एकही पुस्तक नाही. असते तरी ती फारसी वाचणार कोण? आम्हालाच येत नाही. हा दोष सरकारच्या माथी मारता येणार नाही.

यंदा कबरीपाशी दाराची गोष्ट सांगितली. नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मग त्याची कबर कुठे आहे?" दिल्लीला, हुमायूनच्या मकबऱ्यात, एवढे सांगितले. "सहल तिकडे कधी नेणार?" त्याने लगेच विचारले.